दात त्यांच्याकडे, श्वास माझ्याकडे

“मॅडम, मला पूर्ण भूल द्या आणि काय काढायचं ते एकदाच काढून टाका.” दातांच्या दवाखान्यात पाऊल टाकलं की हे वाक्य कोणी ना कोणी मला ऐकवतंच. कधी हर्नियाची शस्त्रक्रिया निमूट सोसलेले पन्नाशीतले काका असतात, कधी कॉलेजातली मुलगी, कधी सहा वर्षांच्या मुलाचा हात घट्ट धरून बसलेली आई. मी भूलतज्ज्ञ आहे. नाशिकमधल्या नर्सिंग होममध्ये सिझेरियन, अपेंडिक्स, हाडांच्या शस्त्रक्रिया यांसाठी भूल देणं हे माझं नेहमीचं काम. आठवड्यातला काही वेळ मी दातांच्या दवाखान्यांसाठी राखून ठेवते. तिथे मी दात काढत नाही, दाढही भरत नाही. ज्यांना त्या खुर्चीत बसणंच अशक्य होतं त्यांना बसता यावं, आणि काम झाल्यावर सुखरूप घरी जाता यावं, यासाठी मला बोलावतात.

काकांच्या त्या मागणीला मी बहुतेक वेळा नकार देते. त्यांची भीती मला खोटी वाटते म्हणून नव्हे. पूर्ण बेशुद्धीच्या अलीकडे बरंच काही करता येतं आणि ते त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं, म्हणून.

आधी भीतीबद्दल. घाबरणारा माणूस दवाखान्यात वेळेवर येत नाही. लवंगेचं तेल, मशेरी, मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी असं करत तो महिने काढतो. गाल सुजला, रात्रभर झोप नाही, की मग येतो. अशा वेळी हिरडीतलं इंजेक्शन नीट लागत नाही, आणि याचं कारण रसायनशास्त्रात आहे. सुजलेल्या, पू झालेल्या जागी आम्लता वाढते. लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा जो अंश मज्जातंतूच्या आवरणातून आत शिरतो, तो अशा आम्लात कमी उरतो. खालची दाढ ठणकत असेल तर अनुभवी हातालाही ती बधिर करताना कष्ट पडतात. माणसाला कळ लागते आणि पुढची दहा वर्षं तो दातांच्या दवाखान्यासमोरून जाणं टाळतो. घरी मुलांसमोर ती कळ रंगवून सांगितली जाते. “गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील” हेही आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. भीती घरातूनच पुढच्या पिढीकडे जाते.

ही भीती मोजता येते. १९६९ मध्ये नॉर्मन कोरा यांनी त्यासाठी एक छोटी प्रश्नावली तयार केली. १९९५ मध्ये जेराल्ड हम्फ्रिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सुधारली, आणि आज जगभर हीच सुधारित प्रश्नावली वापरली जाते. प्रश्न पाचच आहेत. उद्या दातांच्या डॉक्टरांकडे जायचं आहे, तर कसं वाटतं? बाहेर बाकावर नंबरची वाट पाहताना? दात कोरला जाणार असेल तर? दात साफ करून घ्यायचे असतील तर? आणि हिरडीत इंजेक्शन घ्यायचं असेल तर? प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण. ‘अजिबात भीती नाही’ला १, ‘प्रचंड भीती’ला ५. बेरीज १९ किंवा त्याहून जास्त आली तर ती टोकाची भीती समजतात. हे वाचता वाचता तुम्हीही मनात गुण मांडून पाहा. मी ज्यांच्यासोबत काम करते त्या बालदंतवैद्य मॅडम मुलांच्या आईवडिलांनाही हे प्रश्न विचारतात, आणि पुष्कळदा आईचे गुण मुलापेक्षा जास्त निघतात.

गुण कळले की लगेच औषध द्यायचं असं नाही. या मॅडमचं काम पाहताना मला नेहमी जाणवतं की त्यांचं निम्मं कौशल्य बोलण्यात आहे. ‘सांगा, दाखवा, करा’ ही बालदंतवैद्यकातली जुनी रीत. फिरणारा ब्रश आधी मुलाच्या नखावर फिरवून दाखवायचा, मग दातावर. सक्शनची नळी त्याच्याच हातात द्यायची आणि पेल्यातलं पाणी ओढायला लावायचं. मोठ्यांसाठी एक साधा करार असतो: डावा हात वर केला की मी थांबेन. डॉक्टर खरोखर थांबले, की दुसऱ्या वेळी तो हात फारसा वर जात नाही. इंजेक्शनच्या आधी हिरडीवर बधिर करणारी जेल लावून पुरेसा वेळ थांबायचं, आणि औषध अगदी सावकाश, मिलिलिटरला साधारण एक मिनिट या गतीने सोडायचं. दुखतं ते सुईपेक्षा घाईने ढकललेल्या औषधामुळे. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवायला हवी. आपल्याकडे वापरल्या जाणाऱ्या लिग्नोकेनमध्ये बहुधा थोडं अॅड्रेनलीन मिसळलेलं असतं. त्यामुळे इंजेक्शननंतर काही मिनिटं छातीत धडधडू शकतं. हे ठाऊक नसलेल्या माणसाला वाटतं, आपलं हृदय बंद पडतंय.

एवढं करूनही जे खुर्चीत थरथरत असतात, ज्यांना तोंडात आरसा घातला तरी उमासे येतात, त्यांच्यासाठी पुढची पायरी म्हणजे नाकावाटे दिला जाणारा नायट्रस ऑक्साइड, म्हणजेच लाफिंग गॅस. या वायूचा इतिहास दातांशीच बांधलेला आहे. शस्त्रक्रियेत याचा उपयोग होऊ शकेल असं हम्फ्री डेव्हीने १८०० मध्येच लिहून ठेवलं होतं, पण चाळीसहून अधिक वर्षं कोणी ते मनावर घेतलं नाही. १० डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी गार्डनर कोल्टनने या वायूचा करमणुकीचा खेळ लावला. वायू हुंगलेल्या सॅम्युएल कूली नावाच्या तरुणाचा पाय बाकावर आपटून रक्ताळला, आणि त्याला त्याचा पत्ताही लागला नाही. प्रेक्षकांत होरेस वेल्स नावाचा दंतवैद्य बसला होता. दुसऱ्याच दिवशी त्याने स्वतः वायू घेतला आणि जॉन रिग्ज या सहकाऱ्याकडून आपली दाढ उपटून घेतली. वेदना झाली नाही.

पुढच्या महिन्यात बॉस्टनमध्ये विद्यार्थ्यांसमोर त्याने प्रयोग केला. वायूची पिशवी लवकर काढली गेली, रुग्ण ओरडला, आणि सभागृहाने वेल्सला भोंदू ठरवलं. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनमध्येच विल्यम मॉर्टनने ईथर देऊन शस्त्रक्रिया यशस्वी करून दाखवली. तो वेल्सचा एकेकाळचा भागीदार, आणि तोही दंतवैद्यच. मान आणि वाद दोन्ही त्याच्या वाट्याला आले. वेल्सने १८४८ मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंगात स्वतःचं आयुष्य संपवलं. मला या माणसाबद्दल फार वाटतं. त्याचं औषध बरोबर होतं, फक्त ते पुरेसा वेळ दिलं गेलं नाही. भूलशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी: मात्रा आणि वेळ यांना पर्याय नाही.

आज हा वायू कसा दिला जातो? नाकावर मऊ रबरी मास्क बसवतात. आधी नुसता ऑक्सिजन, मग थोडा थोडा नायट्रस. दर टप्प्यावर विचारायचं: बोटांना मुंग्या येतात का? अंग हलकं वाटतं का? बहुतेकांना तीस ते चाळीस टक्के पुरतो. दातांसाठी बनवलेलं यंत्र ऑक्सिजन तीस टक्क्यांच्या खाली जाऊच देत नाही. काम संपलं की पुन्हा पाच मिनिटं शंभर टक्के ऑक्सिजन, आणि माणूस थोड्याच वेळात ताजातवाना होतो. रुग्ण सगळा वेळ जागा असतो, बोललेलं ऐकतो. मात्र सर्दीने नाक चोंदलं असेल तर हा उपाय निरुपयोगी ठरतो. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आपण तो टाळतो. आणि वायूने काम होतं ते भीतीवर, दात बधिर करायला हिरडीतलं इंजेक्शन लागतंच. हे आधी सांगितलं नाही तर रुग्णाला फसवल्यासारखं वाटतं.

त्यापुढची पायरी म्हणजे मिडाझोलाम हे गुंगीचं औषध. मुलांना ते बहुधा तोंडावाटे गोड द्रवातून देतात, मोठ्यांना शिरेतून थेंबाथेंबाने. त्याचा एक गुण घाबरलेल्यांना वरदान वाटतो: औषध दिल्यानंतरचं बरंचसं आठवत नाही. अक्कलदाढ काढून झाल्यावर एक शिक्षिका मला म्हणाल्या, “कधी सुरू करणार?” त्यांच्या तोंडात तेव्हा कापसाचा बोळा होता.

पण इथून पुढे जबाबदारी बदलते, आणि मला मुख्यतः हेच सांगायचं आहे. साधी गुंगी, खोल गुंगी आणि पूर्ण बेशुद्धी यांच्यामध्ये भिंत नसते. एकाला जी मात्रा जेमतेम पुरते ती दुसऱ्याला खोल झोपवते. त्यात दातांच्या कामाची अडचण अशी, की डॉक्टर ज्या तोंडात काम करतात त्याच वाटेने रुग्ण श्वास घेतो. तिथे पाण्याचा फवारा आहे, रक्त आहे, गॉज आहे, खालचा जबडा दाबला की जीभ मागे सरकते. दंतवैद्याचं सारं लक्ष दातावर असतं आणि तसंच असायला हवं. म्हणून श्वासाकडे पाहणारा दुसरा माणूस हवा, ज्याला त्या वेळी दुसरं काहीही काम नाही.

तो दुसरा माणूस म्हणजे मी. बोटाला ऑक्सिमीटर, दंडाला बीपीचा पट्टा, नाकाशी बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारी नळी. ऑक्सिमीटरचा आकडा ९८ दिसला म्हणून मी निश्चिंत होत नाही. श्वास थांबल्यानंतरही तो काही काळ चांगलाच दिसत राहतो, विशेषतः ऑक्सिजन सुरू असेल तर. कार्बन डायऑक्साइडची रेष आणि छातीची हालचाल आधी खरं सांगतात. माझ्या बॅगेत ऑक्सिजनचा सिलिंडर, अँबू बॅग, लॅरिंगोस्कोप, अॅट्रोपिन, अॅड्रेनलीन आणि मिडाझोलामचा उतारा असलेलं फ्लुमाझेनिल असतं. हे उघडायची वेळ क्वचित येते, पण त्याशिवाय मी औषधाची पहिली मात्राही देत नाही. उताऱ्याचा परिणाम मूळ औषधाच्या आधी ओसरू शकतो, त्यामुळे तो दिला तरी रुग्णाला लगेच घरी पाठवत नाही.

ही खबरदारी जगाने किंमत मोजून शिकलेली आहे. ब्रिटनमध्ये एकेकाळी दातांच्या खुर्चीतच सर्रास पूर्ण भूल दिली जायची. मृत्यू झाले, चौकश्या झाल्या, २००० साली सरकारी अहवाल आला आणि २००१ संपल्यावर अशी भूल फक्त अतिदक्षतेची सोय असलेल्या रुग्णालयातच देण्याचा नियम झाला. अमेरिकेत मार्च २०१९ मध्ये दंतभूलशास्त्राला दंतवैद्यकाची स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता मिळाली. आपल्याकडे दंतवैद्यकाच्या एमडीएसच्या नऊ शाखांत अशी शाखा नाही. बालदंतवैद्य आणि मुखशल्यचिकित्सक यांना यातलं प्रशिक्षण मिळतं, काही दंतवैद्य नायट्रस वापरायला वेगळे शिकतात, आणि खोल गुंगीसाठी माझ्यासारख्यांना बोलावतात. ही स्वतंत्र शाखा आपल्याकडेही व्हायला हवी असं माझं ठाम मत आहे. नाशिक-पुण्यात भूलतज्ज्ञ मिळतो, तालुक्याच्या गावी तो सिझेरियनलाही मुश्किलीने मिळतो.

पूर्ण भूल लागतेच अशीही मुलं असतात. रात्रभर दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपल्यामुळे तीन वर्षांच्या मुलाचे आठ-दहा दात किडलेले असतात. स्वमग्न किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला खुर्चीत स्थिर बसणं शक्य नसतं. त्यांचं सगळं काम रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये एकाच बैठकीत करतो. आईवडिलांना आधी अपराधी वाटतं. मी त्यांना सांगते, चार माणसांनी हातपाय धरून केलेल्या उपचारापेक्षा हे कितीतरी दयाळू आहे.

तुमच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. फक्त हिरडीतलं इंजेक्शन असेल तर पोटभर खाऊन जा, रिकाम्या पोटी चक्कर येते. गुंगीचं औषध घेणार असाल तर सहा तास आधीपासून काही खायचं नाही, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दूध हे अन्नच धरायचं. “थोडंसंच पाजलंय हो” असं आई म्हणाली की मी तो दिवस रद्द करते, कारण उलटी श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेतू शकतं. तुम्ही घोरता का, दम्याचा त्रास आहे का, झोपेच्या गोळ्या किंवा दारू घेता का, हे न लाजता सांगा. दारूचं उत्तर पतिराज टाळतात, ते पत्नीकडून मिळतं. सोबत जबाबदार माणूस आणा, त्या दिवशी गाडी चालवू नका, कुठल्या कागदावर सहीही करू नका.

आणि वेळ घ्यायला फोन कराल तेव्हा पहिलंच वाक्य हे असू द्या: “मला दातांच्या उपचारांची फार भीती वाटते.” चांगला दंतवैद्य त्यासाठी जास्तीचा वेळ राखून ठेवेल. गुंगीचं औषध सुचवलं गेलं तर विचारा, “डॉक्टर दातांकडे पाहत असताना माझ्या श्वासाकडे कोण पाहणार आहे?” या प्रश्नाचं स्पष्ट उत्तर मिळालं नाही, तर तिथे ते औषध घेऊ नका.