काटेरी रानभाज्या : ओळख आणि सावधगिरी

छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेला गोंदिया जिल्ह्यातील देवरी तालुका हा भातशेतीचा व जंगलाचा प्रदेश होय. येथे रोवणी व निंदणीच्या दिवसांत स्त्रिया घरी परततात तेव्हा त्यांच्या ओटीत धुऱ्यावरची किंवा तलावाच्या काठची भाजी बहुधा असते. तरोटा, केना, काटवल, बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते आणि सात्या ही अळंबी यांची माहिती येथील घराघरांत आहे. तथापि ज्या वनस्पतींना काटे असतात, त्यांच्याकडे नवी पिढी पाठ फिरवू लागली आहे. काटा दिसला की झाड निरुपयोगी, अशी समजूत होते. याच्या उलट, काटेरी ते सर्व औषधी, असेही काही जण मानतात. या दोन्ही समजुती नुकसानकारक आहेत.

काटा हे वनस्पतीचे जनावरांपासून बचाव करण्याचे साधन आहे. त्यावरून ती खाद्य की विषारी हे ठरत नाही. खाद्य जातींच्या बाबतीत नियम एवढाच, की काटे कठीण होण्यापूर्वी कोवळा शेंडा खुडावा. हा नियम दूरदेशीही पाळला जातो. स्पेनच्या आंदालुसिया प्रांतात टागार्निना नावाच्या रानटी काटेरी झाडाच्या पानांचे दांडे काटे सोलून शिजवितात. आपली करडई याच कुळातील आहे. विदर्भ-मराठवाड्यात करडईची विरळणी करताना निघालेल्या कोवळ्या रोपांची भाजी करतात. तेच झाड फुलावर आले म्हणजे हात लावू देत नाही.

खाण्याजोग्या जाती

काटेमाठ : पडीक जागेत, उकिरड्याजवळ व शेतात तण म्हणून उगवतो. पानाच्या बेचक्यात काट्यांची जोडी असते, ही त्याची निश्चित खूण होय. काटे येण्यापूर्वीची पाने व शेंडे घ्यावेत. यात लोह, चुना व ‘अ’ जीवनसत्त्व देणारी द्रव्ये असतात. तसेच ऑक्झलेटही असते. म्हणून पाने उकळून पाणी टाकून द्यावे व मग फोडणी द्यावी. मुतखड्याचा विकार असणाऱ्यांनी ही भाजी टाळावी.

तालिमखाना : यालाच कोळशिंदा म्हणतात. तलाव, बोडी व बांधीच्या ओलसर कडेला हे झाड वाढते. खोडाच्या प्रत्येक पेरावर लांबट पानांचा घेर असतो व त्यात सरळ, पिवळसर काटे असतात. फुले जांभळी असतात. पावसाळ्याच्या आरंभी काटे फुटण्यापूर्वीचीच पाने भाजीस योग्य असतात.

पाथरी : ही जमिनीवर पसरते. पानांच्या कडा दातेरी असतात, पण टोचत नाहीत. फूल पिवळे असते व पान तोडल्यास पांढरा चीक येतो. चव किंचित कडवट असते.

टाळावयाची वनस्पती : पिवळा धोत्रा

मूळची मेक्सिकोची ही वनस्पती आज महाराष्ट्रभर पडीक जमिनीत, रस्त्यालगत व रब्बी पिकांत आढळते. कोवळेपणी तिची काटेरी पाने जमिनीलगत गुच्छाने असतात. करडईच्या शेतातून भाजी खुडणाऱ्याची नजर तेथे सहज चुकू शकते. तिच्या खुणा तीन आहेत : पानांच्या शिरांवर पांढुरके पट्टे, मोठे पिवळे फूल, आणि पान अथवा देठ मोडताच येणारा पिवळा चीक. पिवळा चीक दिसताच ते झाड टाकून द्यावे व हात धुवावेत. मात्र पांढरा चीक म्हणजे निर्धोक, असा अर्थ कोणी करू नये. रुईचा चीक पांढराच असतो व ती विषारी आहे.

पिवळ्या धोत्र्याचा अधिक मोठा धोका बियांत आहे. त्याचे काळपट बी आकाराने मोहरीसारखे असते व मोहरी पिकते त्याच सुमारास तयार होते. या बियांच्या तेलातील सँग्विनारिन या विषामुळे पायांना सूज, जुलाब, धाप लागणे व हृदयविकार उद्भवतो. डोळ्यांत काचबिंदूही होऊ शकतो. 1998 मध्ये दिल्लीत भेसळयुक्त मोहरीच्या तेलाने या रोगाची मोठी साथ आली व 60 हून अधिक माणसे दगावली. ज्यांच्या शेतात मोहरी आहे त्यांनी ही झाडे फुलावर येण्यापूर्वीच उपटावीत व बी घाण्यावर नेण्यापूर्वी निवडून घ्यावे. मोहरीचा दाणा गुळगुळीत दिसतो. धोत्र्याचा दाणा खडबडीत, जाळीदार असतो. घरातील अनेकांच्या पायांवर एकदम सूज आल्यास ते तेल तत्काळ बंद करून प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. त्या तेलाचा नमुना राखून ठेवावा.

कोठून खुडू नये

आता अनेक बांध्यांत तणनाशके वापरली जातात. फवारणी झालेल्या शेतातील व त्याच्या धुऱ्यावरील भाजी, दिसावयास कितीही टवटवीत असली तरी, खाऊ नये. आपण फवारणी केली असल्यास शेजाऱ्यांना व मजूर स्त्रियांना तसे सांगणे हे प्रत्येक शेतकऱ्याचे कर्तव्य आहे. महामार्गाच्या कडेची व सांडपाण्याच्या नालीतील भाजीही वर्ज्य समजावी. जंगलातील व तलावाकाठची भाजी शेंडे खुडून घ्यावी, मुळासकट उपटू नये. काही झाडे बियांसाठी राखावीत. शेतातील काटेमाठ मात्र निंदणीत उपटण्यास हरकत नाही. त्यात भाजी व निंदणी दोन्ही साधतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

ही माहिती चित्रांवरून देण्यापेक्षा प्रत्यक्ष झाड दाखवून द्यावी. गावातील जाणत्या वृद्ध स्त्रीस सोबत घेऊन शाळेतील मुले व बचत गटाच्या सभासदांना धुऱ्यावर न्यावे. काटेमाठ व पिवळा धोत्रा शेजारी शेजारी ठेवून दोहोंचे देठ मोडून दाखवावेत. स्थानिक नाव गावागणिक बदलते; म्हणून नावावर विसंबू नये, खुणा पाठ करून घ्याव्यात. जी वनस्पती निश्चितपणे ओळखता येत नाही ती शिजवू नये, आणि नवी भाजी प्रथम थोडीच खावी. पावसाळ्यात धुरा गरीब कुटुंबाला विनामूल्य भाजी देतो. ती निर्धोकपणे पानात यावी, यासाठी एवढी काळजी पुरेशी आहे.