पोटगीचा हिशेब

‘पोटगी’ या शब्दातच पोट आहे. खेड्यापाड्यांत तिलाच खावटी म्हणतात. दोन्ही शब्द अन्नाचे. तरीही पोटगीचे नाव निघाले की कोणी तिला दंड समजतो, तर कोणी दानधर्म. नवऱ्याला वाटते आपल्याला शिक्षा झाली. बाईच्या माहेरच्यांना वाटते मागणे लाजिरवाणे. माझी शाळा लवकर सुटली. कायदा म्हणून जे काही कळते ते युनियनच्या कचेरीत, पगारवाढीच्या वाटाघाटी करता करता शिकलो. तेव्हा या विषयाकडे मी वकिलाच्या नव्हे, हिशेबनिसाच्या नजरेने पाहणार आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : पोटगी ही दोघांनी उभारलेल्या संसाराची राहिलेली बाकी आहे, आणि कोणतीही बाकी नुसत्या निकालाने वसूल होत नाही. तिला पुरावा लागतो, तारीख लागते आणि पाठपुरावा लागतो.

ही बाकी मान्य व्हायला किती काळ गेला, हे आपल्याच प्रांतातील एका गाजलेल्या खटल्यावरून दिसेल. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. पुढे नवरा दादाजी भिकाजी याने त्यांनी नांदायला यावे म्हणून 1884 साली मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. 1887 साली हुकूम झाला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर 1888 साली तडजोड झाली, ती अशी की दादाजींना दोन हजार रुपये मिळाले आणि त्यांनी हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली. म्हणजे सुटका हवी तर पैसे नवऱ्याला द्यायचे! रखमाबाई पुढे विलायतेत जाऊन डॉक्टर झाल्या. पण असे बळ सर्वांच्या अंगी कोठून येणार? हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मुंबई प्रांताने 1947 साली दिला. 1955 चा हिंदू विवाह कायदा आणि 1956 चा दत्तक व निर्वाह कायदा त्यानंतरचे.

आज पोटगीकडे जाण्याचे मुख्य रस्ते तीन आहेत. पहिला दंडाधिकाऱ्यांचा. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 125 पुष्कळांना तोंडपाठ आहे. 1 जुलै 2024 पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 ने घेतली. हे कलम सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. घटस्फोट झालेल्या बाईलाही, ती पुन्हा लग्न करीपर्यंत, ते उपयोगी पडते. महिना 500 रुपयांची जुनी मर्यादा 2001 साली उठली. बाई जेथे राहते तेथे अर्ज करता येतो; म्हणून माहेरी परंदवडीला येऊन राहिलेल्या मुलीने सासरच्या जिल्ह्यात खेटे घालण्याचे कारण नाही, तिला वडगावचे न्यायालय आहे. दुसरा रस्ता हिंदू विवाह कायद्याचा. घटस्फोटाचा दावा चालू असता कलम 24 खाली तात्पुरती आणि निकालाच्या वेळी किंवा नंतर कलम 25 खाली कायमची पोटगी मागता येते. ही कलमे नवऱ्यालाही खुली आहेत, हे पुष्कळांना माहीत नसते. तिसरा रस्ता 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचा. तीत पैशाबरोबर राहत्या घराचेही संरक्षण मिळते.

आता रक्कम किती? येथे गावोगाव एक समज पसरला आहे की पगाराचा चौथा हिस्सा हा नियमच आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1970 आणि 2017 सालच्या निकालांत निव्वळ पगाराचा 25 टक्के हिस्सा योग्य मानला हे खरे. पण तो त्या त्या खटल्यापुरता अंदाज होता, कायद्यात असे कोष्टक नाही. न्यायालय पाहते ते दोघांचे उत्पन्न, राहणीमान, मुलांचा खर्च आणि अंगावरची जबाबदारी. येथेच पगाराची स्लिप पुढे येते. आयकर आणि सक्तीची फंडाची कपात वजा होते. परंतु दावा लागल्यावर मुद्दाम घेतलेले सोसायटीचे कर्ज आणि वाढवलेले हप्ते दाखवून हातात येणारी रक्कम चार हजारांवर आणली, तर न्यायालय त्याला सहसा भुलत नाही. कंत्राटी कामगाराची अडचण निराळी. ओव्हरटाइम रोख मिळतो, स्लिपवर चढत नाही. अशा वेळी बँकेचे पासबुक, गावच्या जमिनीचा सातबारा, गाडीच्या हप्त्याची पावती हाच पुरावा. ‘मला काम नाही’ एवढे म्हणून धडधाकट माणसाची सुटका होत नाही. अंगमेहनत करूनही बायकामुलांना पोसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली स्पष्ट सांगितले आहे.

उत्पन्न लपविण्याच्या खेळाला आळा घालणारा मोठा निकाल आपल्या नागपूरच्या खटल्यातून निघाला. तेथील कौटुंबिक न्यायालयाने 2015 साली पत्नीला महिना 15,000 रुपये अंतरिम पोटगी दिली आणि ती 2013 पासून लागू केली. मुलाची रक्कम वेगळी ठरविली. नवरा अपिलामागून अपील करीत राहिला. 4 नोव्हेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘रजनीश विरुद्ध नेहा’ या नावाने प्रसिद्ध झालेला निकाल दिला आणि थकबाकी बारा आठवड्यांत भरण्यास सांगितले. त्याच निकालाने देशभरासाठी दोन गोष्टी पक्क्या केल्या. पोटगीच्या दाव्यात दोन्ही पक्षांनी आपली मिळकत, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर उघड केली पाहिजेत. आणि पोटगी निकालाच्या नव्हे, अर्जाच्या तारखेपासून मोजली पाहिजे. पगारवाढ मागील तारखेपासून मिळाली की कामगाराला फरकाची रक्कम मिळते, तसेच हे आहे.

हुकूम झाला तरी पैसा हातात पडायचा असतो. दंडाधिकाऱ्यांचा हुकूम न पाळणाऱ्यावर वॉरंट निघते आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत केला पाहिजे. ‘आज देईल, उद्या देईल’ म्हणत वाट पाहणाऱ्या किती बायांची जुनी बाकी या एका अटीने अडकते! दिवाणी हुकूमनाम्यात पगारी नोकराचा दोन-तृतीयांशपर्यंत पगार पोटगीसाठी जप्त होऊ शकतो. पण मजुराची मजुरी त्याच कलमाने जप्तीतून वगळली आहे. फंडात जमा असलेली रक्कमही जप्त होत नाही. म्हणून कामगाराच्या घरात 2005 च्या कायद्याचा रस्ता अधिक सोयीचा पडतो. कारण त्याखाली दंडाधिकारी थेट मालकाला सांगू शकतात की यातील अमुक रक्कम पत्नीला द्या किंवा न्यायालयात भरा.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कारखाना बंद पडला, नोकरी गेली, आजारपण आले, तर नवऱ्याने गप्प बसून पैसे थांबवू नयेत. परिस्थिती बदलली असा अर्ज करून रक्कम कमी करून घ्यावी. अर्ज न करता थकवलेली बाकी डोक्यावर वाढतच राहते. वकिलाला पैसे नाहीत ही सबब दोघांनाही नाही. 1987 च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना मोफत वकील मिळतो, आणि औद्योगिक कामगारालाही त्याच कलमाने मिळतो.

संमतीने घटस्फोट घेताना एकरकमी पैशाचा मोह होतो. रक्कम मोठी दिसते, पण ती मुलीच्या बारावीपर्यंत पुरेल काय, हे कागदावर मांडून पाहावे. मुलांचा हक्क त्यांचा स्वतःचा आहे. आईने ‘काही मागणार नाही’ असे लिहून दिले म्हणून तो बुडत नाही. अंगावरचे स्त्रीधन बाईचेच. ते पोटगीत धरू देऊ नये. घराबद्दल मात्र सावध असावे. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, वेगळा करार नसेल तर, नवराबायकोची मालमत्ता सामाईक आणि अर्धी-अर्धी धरली जाते. सह्याद्रीच्या अलीकडे तसे नाही. नवऱ्याच्या मिळकतीत घटस्फोटितेला वाटा देऊ पाहणारे विधेयक राज्यसभेने 2013 साली मंजूर केले, पण लोकसभा विसर्जित झाली आणि ते बारगळले. म्हणून हप्ते दोघांनी फेडले असतील तर घराच्या कागदावर नावही दोघांचे असावे. आणि ते भांडण होण्याआधी चढवावे.

शेवटी एक गोष्ट माझ्या स्वतःच्या क्षेत्राची. सभासद विचारतात, ‘युनियन आमची की आमच्या बायकांची?’ प्रश्न खरा आहे. परंदवडीपासून तळेगावापर्यंतच्या कारखान्यांतले वर्गणी भरणारे बहुतेक पुरुषच. त्यांच्या परस्पर स्लिप काढून देणे हे युनियनचे काम नव्हे, ती न्यायालय मागवील. पण कमी पगाराचा खोटा दाखला मिळवून देणे हेही युनियनचे काम नव्हे. मालक ‘परवडत नाही’ म्हणाला की आपण पहिल्याप्रथम काय म्हणतो? ताळेबंद दाखवा, म्हणतो. तोच माणूस घरच्या दाव्यात स्वतःची स्लिप झाकू लागला, तर त्याने कोणत्या तोंडाने ताळेबंद मागावा? पहाटे चारला उठून ज्या हातांनी पहिल्या पाळीचा डबा भरला, त्या हातांची हजेरी कोणत्याही मस्टरवर लागलेली नाही. ती पोटगीच्या हुकमात लागते, आणि तो हुकूम पाळणे हे संघटित कामगाराचे पहिले कर्तव्य आहे, असे मी मानतो.