दुःखाने शहाणपण येते, पण बळ?

‘दुःख माणसाला शहाणे करते,’ असे आपण सहज म्हणून जातो. ग्रीक कवी एस्किलसने हेच इ. स. पूर्व ४५८मध्ये सादर झालेल्या ‘अगामेम्नॉन’ या काव्यनाटकात मांडले. सोसल्याशिवाय शिकता येत नाही, हा देवाधिदेव झ्यूसचाच नियम आहे, असे त्यातला वृद्धांचा कोरस गातो.

पण त्याच नाटकात कॅसँड्रा भेटते. ट्रॉयची ही राजकन्या. अपोलो देवाला दिलेला शब्द तिने मोडला आणि शाप ओढवून घेतला. तिला भविष्य दिसेल, पण तिचे कुणाला पटणार नाही! युद्धकैदी म्हणून आणलेल्या कॅसँड्राला स्वतःचा मृत्यूही आधीच दिसतो. ती ओरडून सांगते आणि शेवटी एकटीच महालात शिरते. ज्ञान आहे, पण बळ नाही.

आईचा असहकार

डिमीटरची कथा वेगळी आहे. होमरच्या नावावर असलेल्या एका प्राचीन स्तोत्रात ती येते. धान्याच्या या देवीची मुलगी पर्सेफनी फुले तोडत असताना पाताळाचा राजा हेडिस तिला पळवून नेतो, तेही तिचा बाप झ्यूस याच्या संमतीने. नऊ दिवस आई मशाली घेऊन वणवण फिरते. खरे कळल्यावर ती रडत बसत नाही. ती जमिनीतले बी उगवूच देत नाही. माणसे उपाशी मरू लागतात, देवांचे नैवेद्य बंद पडण्याची वेळ येते. झ्यूस एकेक देव पाठवून मनधरणी करतो. ती बधत नाही. अखेर त्यालाच नमावे लागते.

मुलगी परतते, पण डाळिंबाचा दाणा खाऊन. त्यामुळे वर्षाचा एकतृतीयांश काळ तिला पाताळात राहावे लागते. मात्र तिथे ती आता राणी आहे.

आजच्या कवयित्री

ही कथा आजही जुनी झालेली नाही. अमेरिकेच्या रीटा डव्ह यांनी ‘मदर लव्ह’ (१९९५) आणि २०२०च्या नोबेल विजेत्या लुईस ग्लिक यांनी ‘अव्हर्नो’ (२००६) हे संग्रह याच कथेभोवती रचले. आयर्लंडच्या ईव्हन बोलंड यांच्या ‘द पॉमग्रॅनिट’ या कवितेतली आई वयात आलेल्या, झोपी गेलेल्या मुलीकडे बघते. जवळच न चिरलेली फळे आहेत. धोका तिला ठाऊक आहे, कारण कधी काळी तीही मुलगीच होती. तरी ती गप्प राहायचे ठरवते. आपले शहाणपण मुलीला आयते देता येत नाही, हे तिला उमगले आहे.

म्हणूनच निव्वळ सोसण्याला थोर म्हणताना जरा थांबायला हवे. कॅसँड्राने काही कमी सोसले नव्हते. डिमीटरला बळ दिले ते दुःखाने नव्हे, तर तिच्या ‘नाही’ने.