परसबागेतील भोपळ्याचा वेल आणि गळणारे कोवळे फळ

शाळेच्या परसबागेत भोपळा, काकडी, दोडका अथवा कारले यांचा वेल लावणे ही आपल्याकडील जुनी प्रथा आहे. शालेय पोषण आहारास ताज्या भाजीची जोड मिळाल्याने तिचे महत्त्व अधिकच वाढले आहे. परंतु पुष्कळ शाळांत असे घडते की, वेल मांडवभर पसरतो, फुलांनी बहरतो, बोटाएवढी फळेही दिसू लागतात आणि चार-सहा दिवसांत ती पिवळी पडून गळून जातात. ज्या मुलांनी घागरीने पाणी घालून वेल वाढविलेला असतो त्यांचा हिरमोड होतो. अशा वेळी कोणी म्हणते, 'दृष्ट लागली'; कोणी म्हणते, 'कोवळ्या फळाकडे बोट दाखविले, म्हणून ते नासले.' ज्या मुलाने बोट दाखविले असेल, त्याच्यावर वर्गाचा रोष होतो.

हा समज फार प्राचीन आहे. तुलसीदासांच्या रामचरितमानसात लक्ष्मण-परशुराम संवादात, तर्जनी पाहून कोमेजणाऱ्या कोवळ्या कोहळ्याचा दृष्टांत आला आहे. तथापि फळ गळण्याचे खरे कारण फुलाच्या रचनेत आहे, आणि ते मुलांना प्रत्यक्ष दाखविता येते.

नरफूल व मादीफूल

जास्वंदीच्या एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात. भोपळावर्गातील बहुतेक वेलींचे तसे नसते. त्यांच्या एकाच वेलावर दोन प्रकारची फुले येतात. नरफुलाचा देठ सरळ व बारीक असून आत पिवळ्या परागकणांनी माखलेला दांडा असतो. मादीफुलाच्या पाकळ्यांखाली लहानसे फळ आरंभापासूनच दिसते. हे खरे फळ नव्हे. ते अंडाशय होय. नरफुलातील पराग मादीफुलाच्या कुक्षीवर पोहोचले, तरच त्यातील बीजांडांची बी बनते आणि अंडाशय वाढून फळ होते. पराग न पोहोचल्यास वेल त्या अंडाशयाचे पोषण थांबवितो व ते गळते. जी फळे 'नासली' असे वाटते, त्यांपैकी पुष्कळशी मुळात धरलेलीच नसतात.

वनस्पतींतही नर-मादी भेद असतो, हे जर्मन वैद्य कामेरारियस याने १६९४ मध्ये प्रयोगांनी दाखविले. फुले व कीटक यांच्या संबंधावर श्प्रेंगेल याचा ग्रंथ १७९३ मध्ये प्रसिद्ध झाला. भोपळ्याचे पराग जड व चिकट असल्यामुळे ते वाऱ्याने वाहून जात नाहीत. ते काम मधमाश्यांचे आहे.

आरंभीचे काही दिवस वेलावर बहुधा केवळ नरफुलेच येतात. ती गळाली तर चिंता करू नये. त्यांना 'वांझ' समजून सर्व तोडूनही टाकू नयेत. तांबड्या भोपळ्याच्या फुलांची भजी करावयाची असल्यास नरफुलेच घ्यावीत, पण काही वेलावर राखावीत.

राजारामपुरीतील गच्चीची अडचण

खेड्यात शेताच्या बांधावर फुले असतात, झाडांवर मोहोळे असतात. म्हणून हे काम बहुधा आपोआप होते. कोल्हापुरातील राजारामपुरीसारख्या क्रमांकांच्या गल्ल्यांनी बनलेल्या दाट वस्तीत मात्र घराच्या गच्चीवर कुंडीत एकच वेल अथवा झुकिनीचे एखादे झुडूप लावले जाते. झुकिनी ही भोपळ्याचीच आप्त. तिचे पूर्वज अमेरिका खंडातील. तिचा लांब वेल होत नाही, म्हणून ती कुंडीला सोयीची. परंतु एकाच झाडावर नरफूल व मादीफूल एकाच दिवशी उमलेल याची शाश्वती नसते, आणि उंच गच्चीवर मधमाश्याही कमी येतात. यास्तव निदान तीन-चार झाडे जवळजवळ लावावीत. खेड्यातील शाळेलाही हीच अडचण येते. विशेषतः पावसाच्या झडीत, कारण तेव्हा माश्या बाहेर पडत नाहीत व पराग भिजून निकामी होतात.

हाताने परागीभवन

यावर उपाय सोपा आहे. त्याच दिवशी उमललेले नरफूल खुडावे, त्याच्या पाकळ्या अलगद काढाव्यात आणि परागाचा दांडा मादीफुलाच्या मध्यभागी असलेल्या कुक्षीच्या सर्व भागांवर हलकेच फिरवावा. पराग एकाच बाजूस लागल्यास फळ वाकडे अथवा एका टोकास बारीक होते.

वेळ मात्र साधली पाहिजे. तांबडा भोपळा व झुकिनी यांची फुले पहाटे उमलून दुपारपूर्वी मिटतात. काकडी व कारले यांचेही काम सकाळीच करावे. दुध्या भोपळा, दोडका व पडवळ यांची फुले सायंकाळी उमलतात. त्यांचे काम तेव्हाच करावे.

वर्गासाठी प्रयोग

शनिवारच्या सकाळच्या शाळेचा येथे चांगला उपयोग होतो. शुक्रवारी सायंकाळी तांबड्या भोपळ्याच्या, दुसऱ्या दिवशी उमलतील अशा चार मादीकळ्यांवर पातळ कापडाच्या पिशव्या बांधाव्यात. नरकळ्यांवरही दोन पिशव्या बांधाव्यात. शनिवारी सकाळी लवकर चारांपैकी दोन फुलांना हाताने पराग लावावेत व पिशव्या पुन्हा बांधाव्यात. उरलेली दोन फुले तशीच झाकलेली ठेवावीत. दोन दिवसांनी सर्व पिशव्या काढाव्यात. मग पराग लावलेल्या फळांपैकी एकाकडे सर्व मुलांनी रोज बोट दाखवावे आणि आठवडाभर चारही फळांची लांबी नोंदवावी. पराग न मिळालेली फळे पिवळी पडून गळतील. पराग मिळालेली वाढू लागतील, बोट दाखविलेले असो वा नसो. वेलावर आधीच पुष्कळ फळे असल्यास पराग मिळूनही एखादे गळते. म्हणून प्रयोग निरनिराळ्या वेलांवर पुन्हा करावा. उपदेशाने जो समज जात नाही, तो मुलांच्या स्वतःच्या नोंदवहीने जातो.

इतर दक्षता

फळ धरल्यानंतर सडत असेल, तर ते कापून पाहावे. आत अळ्या दिसल्यास तो फळमाशीचा उपद्रव होय. ही माशी कोवळ्या फळाच्या सालीत अंडी घालते. धरलेल्या फळांवर कागदी पिशवी बांधावी. किडलेली फळे उकिरड्यावर टाकू नयेत, खोल पुरावीत.

युरिया सढळ हाताने घातल्यास पाने माजतात व फळे उशिरा धरतात. कुजलेले शेणखत वापरावे. पाणी मुळाशी व नियमित द्यावे; कधी कोरडे, कधी चिखल, असे होऊ देऊ नये. फुले उघडी असताना कीटकनाशक फवारू नये, कारण त्याने मधमाश्याच मरतात. वेलाभोवती झेंडू व तुळस लावल्यास माश्या येत राहतात.

एक इशारा विसरू नये. दुध्या अथवा काकडी चवीस कडू लागल्यास ती कदापि आहारात घेऊ नये. शिजविल्यानेही हा कडूपणा निघून जात नाही व त्याने विषबाधा होऊ शकते. स्वयंपाकापूर्वी प्रत्येक फळाचा लहानसा तुकडा मोठ्या माणसाने चाखून लगेच थुंकावा. शेजारच्या कडू वेलाचे पराग लागल्याने त्याच हंगामातील फळ कडू होत नाही; परंतु त्या फळाच्या बीपासून पुढील वर्षी कडू फळे येऊ शकतात. म्हणून बियाण्यासाठी राखावयाचे फळ पिशवी बांधून, हाताने पराग लावलेल्या फुलाचेच असावे. त्याच्या देठास रंगीत दोरा बांधावा आणि ते वेलावर पूर्ण पक्व होऊ द्यावे. अशा एका फळाचे बी पुढील हंगामात गावातील पुष्कळ घरांच्या परसात पोहोचू शकते.