तेरिगे दिसला, परतावा नाही दिसला

कर म्हणा की तेरिगे म्हणा, शब्द कानावर पडला की आपला हात आधी खिशाकडे जातो. कॅनडाने २०१९ मध्ये एक वेगळाच कर आणला. पेट्रोल, गॅस, कोळसा जाळून जो कार्बन वायू हवेत जातो, त्यावर टनाला २० डॉलर. वाढत वाढत २०२४ मध्ये ८०. जमलेल्या रकमेपैकी सुमारे ९० टक्के कुटुंबांना परत. मोठी गाडी, मोठा बंगला असेल तो जास्त भरणार. परतावा मात्र घरातली माणसे मोजून. थेट भरलेला कर आणि परतावा यांचा हिशेब मांडला, तर बहुतेक घरांना जास्तच मिळत होते.

तरीही लोक विटले. मला याचे नवल वाटत नाही. पंपावर टोचणी दर खेपेला, आणि परतावा सुरुवातीला प्राप्तिकराच्या कागदांत दडलेला. २०२२ पासून तो तीन महिन्यांनी खात्यात येऊ लागला, पण कसले पैसे हेच अनेकांना कळेना. नाव बदलायला २०२४ उजाडले. त्याआधी २०२३ मध्ये घर तापवायच्या तेलाला सूट दिली. गॅसवाले म्हणाले, मग आम्हीच का? विरोधी नेते पियरे पोलिएव्ह यांनी हा कर तोडण्याची घोषणा गाजवली. शेवटी ज्या पक्षाने कर आणला, त्याच पक्षाच्या मार्क कार्नी यांनी पंतप्रधान होताच, १ एप्रिल २०२५ पासून, घरगुती ग्राहकांवरचा भार शून्य केला. कारखान्यांवरचा ठेवला.

आपल्याकडे उलटे झाले. २०१० मध्ये कोळशावर टनाला ५० रुपये उपकर बसला, २०१६ मध्ये ४०० झाला. मोर्चे निघाले नाहीत, कारण विजेच्या बिलावर तो दिसतच नव्हता. स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून सुरू झालेला हा पैसा २०१७ नंतर जीएसटीच्या भरपाईपोटी राज्यांकडे वळला. सप्टेंबर २०२५ मध्ये उपकर गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला.

२०२३ मध्ये गृहलक्ष्मीचे दोन हजार पहिल्यांदा जमा झाले, ती बातमी घरोघरच्या बायकांनीच एकमेकींना सांगितली. २०२४ मध्ये सीमेपलीकडे लाडक्या बहिणीच्या दीड हजाराचे तेच. त्या पैशाला नाव होते. कॅनडाच्या परताव्याला तेवढेही धड नव्हते.

रायचूरच्या कोळशाची वीज आपण वर्षानुवर्षे वापरतो. एका युनिटला सहा-सातशे ग्रॅम कोळसा धरा; टनाला ४०० म्हणजे युनिटमागे पंचवीसेक पैसे. शंभर युनिटला पंचवीस रुपये. एवढा आकडा बिलावर छापायला काय हरकत होती?