हात गेला, पण टक्के किती?

बांधकामावरच्या अपघातांच्या नुकसानभरपाईवर काम करायचं ठरलं की आपण काय करतो? निकालपत्रं जमवतो, एक्सेल शीट उघडतो आणि पहिला कॉलम टाकतो: 'अपंगत्व, टक्के'. इथेच जरा थांबा. हा एक कॉलम नाही, तीन आहेत.

आधी हिशेब बघू. १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा (आता तो २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे, पण जुने निकाल त्याच कायद्याखाली सापडतील) सांगतो की कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयाच्या गुणकाने गुणायचं. तिशीतल्या कामगाराचा, म्हणजे पूर्ण ३० वर्षांच्या माणसाचा, गुणक २०७.९८. वेतन १५,००० रुपये धरलं तर रक्कम होते १८,७१,८२०. अपंगत्व अंशतः असेल तर याच रकमेचे तेवढे टक्के. कोपराशी हात कापावा लागला तर परिशिष्टात ७० टक्के दिलेत, म्हणजे १३,१०,२७४.

आता सर्वोच्च न्यायालयाचा १९७५ चा प्रताप नारायण सिंग देव खटला वाचा. सिनेमागृहात नक्षीकाम करणारा सुतार पडला, डावा हात कोपरापासून गेला. मालक म्हणाला, एकच हात गेलाय, अपंगत्व अंशतःच. न्यायालयाने ऐकलं नाही. कारण पूर्ण अपंगत्वाची व्याख्या शरीर मोजत नाही. अपघाताच्या वेळी माणूस जे काम करू शकत होता ते आता जमतं का, एवढंच ती विचारते. एका हाताने सुतारकाम होत नाही. म्हणून १०० टक्के. आपल्या वरच्या उदाहरणात हा फरक साडेपाच लाखांहून जास्त आहे!

तर कॉलम असे करा: डॉक्टरांच्या दाखल्यावरचे टक्के, परिशिष्टातले टक्के, आणि न्यायालयाने मानलेली कमाईतली घट. तिन्ही एकत्र करून सरासरी काढणं म्हणजे सेंटिमीटर आणि इंच न बघता बेरीज करणं. शेजारी 'नेमकं काम' हाही कॉलम हवाच. 'मजूर' लिहून सोडू नका. सेंटरिंगवाला, फिटर, गवंडी, जे निकालात असेल ते लिहा.

आणि ठेकेदाराने हातावर रोख ठेवून गावी पाठवलेला माणूस तुमच्या शीटमध्ये कधीच येणार नाही. 'मर्यादा' या भागात हे पहिल्याच ओळीत लिहा.