फियाटचा उतरलेला रंग

मुंबईत पद्मिनी म्हटलं की काळी-पिवळी टॅक्सीच डोळ्यांपुढे येते. घरगुती पद्मिनी मात्र क्रीम, फिकट निळी, पांढरी, मरून अशा किती तरी रंगांत मिळायची. वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाईट बाहेर पडू लागली, १९७४ मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं आणि २००० च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. घरातल्या गाड्या मात्र अजून आहेत आणि लोक त्यांना नावापेक्षा ‘फियाट’ म्हणूनच ओळखतात.

अशा गाडीचं इंजिन पुष्कळदा ठणठणीत असतं. कार्बोरेटर, ब्रेक, पाटे यांवर हात बसलेले मिस्त्री अजून मिळतात. मालकाचं मन खट्टू होतं ते गाडीकडे बाहेरून पाहताना. टपावर हात फिरवला की तळव्याला खडूसारखी पूड लागते. डावा दरवाजा कधी तरी अपघातानंतर रंगवलेला, तो उरलेल्या गाडीपेक्षा गडद. मागच्या मडगार्डवर टचअपचा ठिगळासारखा चौकोन. मग गॅरेजमध्ये गेल्या गेल्या सल्ला मिळतो, ‘साहेब, फुल पेंट मारून टाका.’ हा सल्ला घाईचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. कारखान्यातला मूळ रंग एकदा घासून काढला की तो पुन्हा कुठूनही आणता येत नाही, आणि मंद पडलेला रंग मेलेला असतोच असं नाही.

रंग मंद पडतो म्हणजे काय होतं, ते आधी समजून घ्यायला हवं. रंगद्रव्याचे कण रेझिनने धरून ठेवलेले असतात. उन्हातले अतिनील किरण वर्षानुवर्षं त्या रेझिनची वरची कातडी तोडत राहतात. कण मोकळे होतात, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि त्यावर पडलेला प्रकाश एका दिशेने परतण्याऐवजी चहूकडे विखुरतो. डोळ्याला तो पांढुरका, धुरकट दिसतो. झळाळी म्हणजे सपाटपणा. म्हणून चांगला पॉलिशवाला चमक वरून लावत नाही; खराब झालेली कातडी अगदी पातळ काढून खालचा धड रंग सपाट करतो. डिझेलच्या फडक्याने गाडी पुसली की तीही चमकते, पण ती ओलाव्याची चमक. दोन दिवसांत धूळ चिकटते आणि गाडी पहिल्यापेक्षा वाईट दिसते.

तपासायला सोपी युक्ती आहे. मंद भागावर पाण्याचं बोट फिरवायचं. ओल्या पट्ट्यात रंग गडद आणि खोल दिसला, तर खाली रंग जिवंत असण्याची शक्यता चांगली. पुढची परीक्षा कंपाउंडची, म्हणजे घासायच्या लेपाची. पद्मिनीच्या काळात साध्या एकरंगी रंगावर वरून पारदर्शक लॅकर नसे, त्यामुळे कंपाउंड लावून घासलं की फडक्यावर गाडीचाच रंग उतरतो. फडकं पांढरं राहिलं, तर वर लॅकरचा थर आहे असं समजावं. तो थर सालपटं निघून सुटायला लागला असेल, तर कितीही पॉलिश करा, उपयोग नाही. तिथे रंगकामच लागेल.

रंग किती जाड उरला आहे, हा सगळ्यात मोठा प्रश्न. कारखान्यातला रंग, प्रायमरपासून वरच्या थरापर्यंत, साधारण १०० ते १२० मायक्रॉन असतो. आता जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं. त्यावर २०० च्या पुढे आकडा गेला तर तो पत्रा पुन्हा रंगवलेला असतो, हजाराच्या आसपास गेला तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली असते. जुने कारागीर फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवतात. लांबीवर ते धरत नाही. याच हिशेबामुळे रबिंग, म्हणजे कंपाउंडने घासणं, ही दर दिवाळीला करायची गोष्ट नाही. प्रत्येक वेळी थोडा रंग कायमचा जातो.

प्रत्यक्ष कामाला सुरुवात सावलीत, थंड पत्र्यावर होते. गाडी धुवायची, डांबराचे ठिपके केरोसीनने काढायचे, क्ले बार (मातीसारखी मऊ वडी) पाण्याबरोबर फिरवून चिकटलेली धूळ आणि लोखंडाचे कण उचलायचे. मग मास्किंग टेप. रबरी बीडिंग, क्रोमची पट्टी आणि मुख्य म्हणजे कडा. बॉनेटच्या मधली उभी घडी, दरवाज्याच्या कडा, मागच्या मडगार्डची किंचित वर आलेली शेपटी, या ठिकाणी रंग सर्वांत पातळ असतो आणि पॉलिशच्या मशीनचा दाब सर्वांत जास्त पडतो. नवखा मुलगा पाच सेकंदांत इथे प्रायमर दाखवतो. म्हणून अनुभवी माणूस कडेवर मशीन नेतच नाही, तिथे हाताने घासतो.

जिथे खडबड जास्त, तिथे आधी २००० नंबरचा वॉटर पेपर, साबणाच्या पाण्यात भिजवून, हलक्या हाताने. कोरडं घासायचंच नाही. जुन्या पिवळ्या-लाल रंगांत शिशाची संयुगं असू शकतात आणि ती धूळ श्वासात जाता कामा नये. त्यानंतर कंपाउंड. मटाराएवढे चार-पाच ठिपके, हातभर चौकोन, मशीन कमी वेगावर. पहिल्या दोन फेऱ्यांत काहीच घडलं नाही असं वाटतं. मग मळकट लेप पातळ होत जातो, मधूनच पुसून पाहिलं की ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबाची धूसर रेघ कडेने धारदार झालेली दिसते. कारागीर दर फेरीनंतर पत्र्याला हाताची पाठ लावतो. चटका बसला की थांबायचं, कारण तापलेला रंग मऊ होऊन जळतो.

घासून चमक आणण्याची ही कला गाड्यांच्या दुनियेत रुजली ती नायट्रोसेल्युलोज लॅकरमुळे. १९२३-२४ च्या सुमारास डूपाँटचा ‘ड्यूको’ जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर आला आणि जे रंगकाम वाळायला आठवडे लागत, ते तासांवर आलं. हा रंग फवारल्यावर फिकाच दिसतो. घासल्याशिवाय त्याला तेज येत नाही. आपल्याकडे अजूनही कित्येक पेंटर ‘ड्यूको’ हाच शब्द वापरतात. हा रंग थिनरमध्ये कधीही पुन्हा विरघळतो, त्यामुळे दरवाज्याच्या आतल्या कोपऱ्यात थिनरचं फडकं टेकवलं की आधीच्या पेंटरने काय मारलं होतं, ते कळतं. हे न पाहता जुन्या इनॅमलवर ड्यूको मारला, तर खालचा रंग सुरकुततो.

आता न जुळणारा दरवाजा. इथे क्रम महत्त्वाचा आहे आणि तोच बहुतेक वेळा चुकतो. आधी सगळी गाडी रबिंग करून मूळ रंग वर आणायचा, शेड त्यानंतर जुळवायची. उलटं केलं तर नवा दरवाजा विटलेल्या रंगाशी जुळवला जातो आणि उरलेली गाडी उजळली की तोच दरवाजा पुन्हा परका दिसतो. पुष्कळदा तर रबिंगनंतर फरक इतका कमी होतो की रंगवण्याची गरजच उरत नाही. उरलीच, तर शेड पत्र्याच्या तुकड्यावर मारून, पूर्ण वाळवून, उन्हात आणि सावलीत दोन्हीकडे ताडून पाहायची. ट्यूबलाइटखाली एक दिसणारे दोन रंग बाहेर वेगळे दिसू शकतात. दरवाज्याच्या काठावर रंग एकदम तोडायचा नाही, शेजारच्या पत्र्यावर विरळ करत न्यायचा.

या कामात एक गोष्ट मला अस्वस्थ करते. आजच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि त्याने कायमचा दमा जडू शकतो. त्यासाठी बाहेरून हवा पुरवणारा मास्क हवा. गल्लीतल्या गॅरेजमध्ये पोरं नाकाला रुमाल बांधून स्प्रे गन चालवतात. रंगाच्या बिलात घासाघीस करणाऱ्या मालकाने हेही पाहायला हवं. मास्क, पंखे आणि बूथ असलेलं गॅरेज महाग पडतं आणि ते पडायलाच हवं.

पॉलिशनंतर वॅक्सचा हात द्यावा; आपल्या उन्हा-पावसात तो दोन-तीन महिने टिकतो. सोसायटीत गाडी पुसणाऱ्याला कोरडं फडकं मारू देऊ नका, बोअरिंगचं पाणी उन्हात पत्र्यावर वाळू देऊ नका, पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी ओल्या कापडाने काढा. आणि फुल पेंटचा बयाणा देण्याआधी पेंटरला टपावर हातभर जागा फक्त रबिंग करून दाखवायला सांगा. ती दुसऱ्या दिवशी उन्हात पाहा, मगच ठरवा.